गल्लीतला पाचवा

६ मार्च

वहिनी,

पत्र लिहायचं टाळत होतो, हे आधीच कबूल करून टाकतो. कागद आणून ठेवले त्याला सहा महिने झाले असतील. दोनांवर चहा सांडला, एकाच्या मी धार तपासताना कापून कापून झिरमिळ्या केल्या, हा चौथा. दर वेळी ‘वहिनी’ एवढं लिहायचो आणि वाटायचं, जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ, मग लिहू. कोपऱ्यावर काही ना काही चाललेलंच असतं.

दादाला हे दाखवू नकोस. दाखवायचंच असलं तर आधी तुझं वाचून होऊ दे, कारण तो फाडणार.

मी बरा आहे. पाकिटावर पत्ता बघ, दुकानाचा आहे. माझं दुकान. हसू नकोस. खरं तर अर्धंच शटर, उरलेल्या अर्ध्यात झेरॉक्सवाला बसतो. मी धार लावतो. सुऱ्या, कात्र्या, गवत कापायची यंत्रं, एकदा तर दातांच्या डॉक्टरची कसली तरी नाजूक आकडी. त्याआधी दोन वर्षं सायकलवर चाक बसवून गावोगाव हिंडत होतो. स्टँडवर लावून पायडल मारलं की चाक फिरायचं, स्टँड काढला की सायकल चालू लागायची. एकाच यंत्रात धंदाही आणि पळून जायची सोयही. यापेक्षा शहाणं यंत्र माणसाने काढलेलं नाही.

गेल्या जुलैत या गल्लीत आलो तो एका दुपारपुरता. गल्लीच्या तोंडाशी शिंपीकाकांचं दुकान आहे. त्यांनी मोठी कात्री दिली. मी ती बाहेरच्या अंगानेच घासली, आतल्या अंगाला हात लावला नाही; ते घासलं की कात्री बिघडते. काका चष्म्यावरून बघत होते. मग त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि टोकापर्यंत कापून पाहिलं. म्हणाले, ‘कुणी शिकवलं?’ मी म्हटलं, ‘बिघडवून बिघडवून शिकलो.’ तर हसले, आणि चहा मागवला. तो चहा मला नडला, वहिनी.

कारण तिथे आणखी तिघं उभे होते आणि चौघेही माझ्याकडे बघायला लागले. काका, पाव भाजणाऱ्या मावशी, मोबाइल दुरुस्त करणारा (डोळ्याला भिंग लावतो म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात), आणि झेरॉक्सवाला. त्यांना पाचवा माणूस हवा होता.

हे नीट सांगतो. इथल्या व्यापाऱ्यांचं, कारखानदारांचं एक फाउंडेशन आहे. फार पूर्वी बाजाराला आग लागली तेव्हा पाच व्यापाऱ्यांनी एकमेकांना धरून पुन्हा दुकानं उभी केली. त्यांच्या मुलांनी हे काढलं. गल्लीबोळातल्या छोट्या दुकानांना यंत्रं देतात आणि दुकानदारांच्या पोरांना शिकवतात. पण एकट्यादुकट्याला नाही. एका गल्लीतल्या पाच दुकानांनी साखळी करायची. पाचांना यंत्रं, आणि साखळीतल्या एका मुलाचं शिक्षण पार शेवटपर्यंत. बदल्यात पाचही दुकानं दोन वर्षं रोज उघडी पाहिजेत. एक जरी न कळवता तीन दिवस बंद सापडलं, की साखळी तुटली.

या चौघांचा पाचवा म्हणजे छत्र्या दुरुस्त करणारे एक म्हातारबाबा, ते आठवड्यापूर्वीच कायमचे लेकीकडे गेले होते. आणि काकांच्या मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला. ती दाराशीच ट्रंकेवर बसली होती, पाय हलवत. तिला आई नाही. दुसऱ्या दिवशीची गाडी होती, आणि पाचव्याची सही मिळाली नाही तर ती गाडी तिची नव्हती.

मला आयुष्यात कुणी ‘तुझ्यावाचून अडलंय’ म्हटलं नव्हतं. मी सही केली. कागद वाचला नाही. दोन वर्षं हे डॉक्टरने नंतर सांगितलं.

आठ महिने टिकलो, वहिनी. तूच मोज, मी कुठे आठ महिने टिकलोय? इथे मला सगळे भिंगरी म्हणतात, पण मायेने.

आता एक छोटा घोळ झालाय. फेब्रुवारीच्या शेवटी मला चाकाचा दगड आणायला बाहेरगावी जावं लागलं. चांगला दगड इथे मिळत नाही. तीन दिवस लागले, फोनची बॅटरी संपली, आणि नेमकी त्याच वेळी फाउंडेशनची पाहणी आली. तीस मार्चपर्यंत मुदत दिलीय. होईल काहीतरी. तू काळजी करू नकोस.

दादाचा खोकला कसा आहे?

तुझा,
(दादा ज्याचं नाव घेत नाही तो)


१४ मार्च

वहिनी,

तुझं उत्तर यायच्या आधीच हे दुसरं लिहितोय. आज सूर्य कुठून उगवला म्हणशील.

घोळ छोटा नाही.

परवा डॉक्टर आला. म्हणाला, ‘भिंगरी, फोन बिघडलाय ना तुझा? आण, बघतो. आपल्याच साखळीतला माणूस, तुला काय आकारायचं.’ चेहरा अगदी सरळ. मी दिला. त्याने भिंग लावलं, उघडला, आत फुंकर मारली, पुन्हा बंद केला आणि माझ्या हातात ठेवला. ‘बॅटरी धडधाकट आहे,’ म्हणाला. ‘तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त जगेल.’ आणि गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

मावशी ओरडतात. भट्टीतून ट्रे ओढताना, पीठ मळताना, गिऱ्हाईक समोर असताना. मी राहतो त्यांच्याच माडीवर, त्यामुळे जिना उतरेपर्यंत ऐकावं लागतं. त्यांची नवी विजेची भट्टी फाउंडेशनची आहे. साखळी तुटली की ती जाणार, आणि पुन्हा लाकडं, पुन्हा धूर. धुराने त्यांचा एक डोळा आधीच अधू आहे. डॉक्टरचं भिंगाचं यंत्र जाणार, झेरॉक्सचं मशीन जाणार, काकांचं शिलाई मशीन जाणार. आणि मुलीचं शिक्षण. वाचायला एक ओळ लागते.

काका ओरडत नाहीत. रोज सकाळी कात्री पाठवतात. परवाच लावलेली धार, काल पुन्हा आली, आज पुन्हा. मी म्हटलं, काका, हिला काही झालेलं नाही. तर म्हणाले, ‘असू दे. बस इथे, हाताला काम असलेलं बरं.’ तेव्हापासून मी रोज ती कात्री नुसती पुसून परत देतो. ते रोज फडकं कापून बघतात आणि मान हलवतात.

मुलीला त्यांनी कळवलेलं नाही. तिची परीक्षा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आहे. रविवारी तिचा फोन येतो तेव्हा ते मशीन चालू ठेवून बोलतात, म्हणजे आवाजातलं काही तिकडे पोचू नये. झेरॉक्सवाला म्हणतो, रविवारचं एवढं शिवण कोण देतं यांना. ते चिंध्या शिवतात.

मी काहीच केलं नाही असं नाही हं. फाउंडेशनच्या ऑफिसात गेलो होतो. सिमेंटच्या पाइपांच्या गोदामावर आहे, लोखंडी जिना. आत थंडगार, लांब बाक, भिंतभर फोटो. शिकून मोठ्या झालेल्या पोरांचे. मी सगळे फोटो बघितले, माझा नंबर आला तेही कळलं नाही. एका फोटोतल्या पोराचे कान अगदी आपल्या दादासारखे होते.

पाहणीला आलेल्या बाईच तिथे होत्या. मला वाटलं होतं कडक असतील. त्यांनी पाणी दिलं. मी म्हटलं, माझ्या एकट्याचं यंत्र घेऊन जा, मला हाकला, बाकीच्यांचं राहू द्या. त्या म्हणाल्या, तसं झालं तर उद्या प्रत्येक साखळीतला एकेक जण निघून जाईल. मी म्हटलं, मग मलाच पुन्हा पाचवा करा, आता जागचा हलणार नाही. त्यांनी नियमांचा कागद माझ्यापुढे सरकवला. तुटलेली कडी पुन्हा जोडता येत नाही. नवा पाचवा हवा, याच गल्लीत राहणारा, सज्ञान, ज्याचं दुसरं दुकान नाही, जो तीस मार्चपर्यंत दुकान उघडेल आणि दोन वर्षं रोज तिथे बसेल.

मी म्हटलं, ‘बाई, तुम्ही पाहणीला दोन दिवस उशिरा आला असतात तर मी दुकानात होतो.’

त्या म्हणाल्या, ‘मी पण साखळीतलीच. माझे वडील कुलपं दुरुस्त करायचे. आमचा पाचवा पळाला नाही, म्हणून मी या खुर्चीत आहे.’

रागाने नाही म्हणाल्या. हेच वाईट.

मग त्यांनी आमच्या गल्लीच्या घरांची यादी काढली. बोट फिरवत फिरवत खाली आल्या. शिंप्यांच्या घराशी थांबल्या. म्हणाल्या, ही मुलगी आहे, गल्लीचीच, वीस वर्षांची, ही चालेल. पण मग ती शिकणारी राहत नाही, तिच्या जागी साखळीतलं दुसरं मूल धरावं लागेल. त्यांनी बोट लगेच उचललं. माझा चेहरा बघून उचललं असं वाटलं.

हे मी गल्लीत कुणाला सांगितलेलं नाही. तुलाच सांगतोय.


२१ मार्च

वहिनी,

तुझं पत्र पोचलं. सगळ्या मिळून पाच ओळी, त्यातल्या तीन दादाच्या खोकल्याच्या. चौथीत ‘खात जा.’ आणि पाचवीत, ‘दगड आणायला तीन दिवस लागतात का, भाऊजी?’

नाही लागत. दगड आणलाच नाही.

त्या दिवशी सकाळी मी हायवेवर नाक्याशी गेलो होतो, उगीचच. तिथे एक ट्रक उभा होता. ट्रक कसला, ट्रकच्या मागे ट्रक जोडून त्यावर एकच वस्तू ठेवलेली. पवनचक्कीचं पातं. पांढरं, वहिनी, आपल्या घरापासून शाळेच्या फाटकापर्यंत पोचेल एवढं. मी जन्मभर पाती हाताळतोय, असलं पातं पाहिलं नव्हतं. मी त्यावर हात फिरवला. ड्रायव्हर म्हणाला, ‘धार लावायचा विचार आहे का?’ मी म्हटलं, ‘घेतो की, पण शटरात मावायचं नाही.’ तो पोट धरून हसला. त्याचा सोबती आजारी पडला होता. वळण आलं की कुणीतरी पुढे चालत जाऊन लाल फडकं दाखवावं लागतं, गाड्या थांबवाव्या लागतात, नाहीतर पात्याचं शेपूट घरांना घासतं. म्हणाला, पुढच्या घाटापर्यंत येतोस? संध्याकाळी परत.

संध्याकाळी घाट आलाच नाही. असला ट्रक माणसाच्या चालीने जातो. गावात शिरलो की पोरंटोरं, म्हातारेकोतारे सगळे रस्त्यावर. मी फडकं धरून पुढे. मी हात वर केला की बसगाड्या थांबत होत्या. एका गावात आमच्यासाठी विजेची तार काठीने उचलून धरली. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही एका टेकाडावर थांबलो, तिथून खाली सगळं माळरान दिसत होतं, आणि मला इतकं बरं वाटत होतं की रडू येईल असं वाटलं.

तेव्हाच फोन वाजला. काकांचा. पाहणी दुपारनंतर येणार होती, मला नंतर कळलं. मी नुसता फोन हातात धरून उभा होतो. वाजून थांबला. पुन्हा वाजला. सात वेळा. सातव्यानंतर मी तो बंद केला. बॅटरी होती. मी बंद केला. उचलला असता आणि ‘काका, उद्या येतो’ एवढं म्हटलं असतं तरी ते ‘कळवलंय’ मध्ये गेलं असतं. नियमात तेवढंच लिहिलंय, न कळवता. पण उचलला असता तर मला परत जावं लागलं असतं.

हे कुणालाच सांगितलं नव्हतं. डॉक्टरला कळलंय. काकांनाही माहीतच असणार, सात वेळा त्यांनीच लावला होता.

आता तुला वाटेल हा पुन्हा तसाच वागला. तेव्हा दादाने संध्याकाळचं कॉलेज एक वर्षापुरतं सोडलं होतं, माझ्या तंत्रशाळेसाठी. मी चार महिन्यांत निघून गेलो आणि दादाचं ते एक वर्ष अजून चाललंय. मी त्याबद्दल काही लिहीत नाही. लिहिता येत नाही.

इथलं सांगतो. पाचवा शोधतोय. गल्लीत घरं एकवीस, त्यातले निम्मे लोक कारखान्यात, बाकीच्यांना दोन वर्षं बांधून घ्यायचं नाही. त्यांना नावं ठेवू शकत नाही. चौदा नंबरच्या जिन्यावर एक निवृत्त टायपिस्ट आजोबा आहेत. त्यांचं यंत्र अजून पलंगाखाली आहे. मी चार दिवस त्यांच्याकडे जाऊन बसलो, त्यांचं ऐकून घेतलं, अक्षरांच्या काड्या साफ करून दिल्या. पाचव्या दिवशी म्हणाले, ‘उघडू या दुकान. अर्ज टाइप करून देईन. घरात बसून मी नुसता सावली होत चाललोय.’ मी जिन्यातून उड्या मारत खाली आलो. मावशींनी पहिल्यांदाच ओरडल्याशिवाय पाव दिला. झेरॉक्सवाला म्हणाला, टाइप तुम्ही करा, प्रती मी काढतो, पाटी एकच लावू.

दुसऱ्या दिवशी आजोबांचा मुलगा आला. नीट बोलला. म्हणाला, बाबांना दोन वेळा चक्कर आलीय, मी कामावर असतो, गल्लीत पडले तर तुम्ही जबाबदार का? आजोबा मागे उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. टायपिंगचं यंत्र पुन्हा पलंगाखाली सरकवल्याचा आवाज मी जिन्यात ऐकला.

मी कुणाला सांगितलं नव्हतं, तरी त्याच दुपारी मावशींनी आपणहून ते तोंडातून काढलं. सगळे काकांच्या दुकानात होतो. म्हणाल्या, कुणी बोलत नाही म्हणून मीच बोलते. पोरगी गल्लीचीच आहे. दोन वर्षं येऊन बसू दे, काज-बटणं करू दे, हात चांगला आहे तिचा. मग शिकेल पुढे. दोन वर्षं म्हणजे काय जन्म नाही.

काकांनी मशीन थांबवलं.

‘दोन वर्षांनी कुणी शिकत नसतं,’ ते म्हणाले.

मावशी म्हणाल्या, ‘आणि माझा डोळा?’

 दोघांचंही खरं होतं. मावशींनी पदराने तोच डोळा पुसला आणि भट्टीकडे गेल्या. झेरॉक्सवाल्याचा मुलगा यंदा दहावीला आहे. मुलगी आली तर तिच्या जागी तोच लागेल. म्हणून झेरॉक्सवाला त्या दिवसापासून काकांच्या दुकानासमोरून जातच नाही, मागच्या बाजूने फिरून येतो. चांगला माणूस आहे. मनात आलेलं चेहऱ्यावर दिसेल याची त्याला भीती वाटते.

मी काय करू सांग. भांडायला कुणी वाईट माणूस सापडत नाही. माझ्याखेरीज.


२८ मार्च

वहिनी,

परवा तीस तारीख.

सगळ्यात आधी हे लिहितो की मी अजून इथेच आहे. सायकल मागच्या भिंतीला उभी आहे, हवा भरलेली आहे, आणि मी इथे आहे. तू दादाशी पैज लावली असशील तर जिंकलीस.

काल पुन्हा ऑफिसात जाऊन आलो. बाईंनी फाउंडेशनच्या वडीलधाऱ्यांपुढे आमचा विषय ठेवला होता म्हणे, स्वतःहून. पाइपवाले शेठ म्हणाले, वाईट वाटतं. तेलगिरणीवाले म्हणाले, फार वाईट वाटतं. मग त्यांनी मागच्या वर्षी तुटलेल्या तीन साखळ्यांची नावं घेतली, ज्यांना सूट दिली नव्हती. त्यांना काय सांगायचं, असं विचारलं.   जिना उतरताना बाई फाटकापर्यंत सोबत आल्या. ‘तुम्ही आता काय करणार?’ असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बसणार. एवढंच येतं मला आता.

आणि खरंच बसतो. गिऱ्हाईक असो-नसो. आता बसून उपयोग काही नाही हे कळतं, माझं बसणं मोजलंच जात नाही. तरी बसतो. एका जागी बसलं की काय काय दिसतं हे मला माहीतच नव्हतं. सकाळी नऊला ऊन मावशींच्या पायरीवर येतं, अकराला डॉक्टरच्या काउंटरवर. काका दर तासाला मान डावीकडे मोडतात. त्यांचं मशीन आतल्या भिंतीकडे तोंड करून आहे, त्यामुळे दिवसभर त्यांची पाठच दिसते. पाठीकडे बघून माणूस कसा आहे ते कळायला लागलंय. आज ते सावकाश शिवताहेत. बुधवारी फाउंडेशनचा टेम्पो येणार, यंत्रं न्यायला. काकांनी जुनं पायडलचं मशीन माळ्यावरून काढून पुसून ठेवलंय. मुलीची परीक्षा झाल्यावर स्वतः जाऊन तिला सांगणार आहेत. निदान पहिलं वर्ष पदरात पडेल, म्हणतात. पुढचं पुढे.

मघाशी कात्री आली नेहमीसारखी. मी आज ती नुसती पुसली नाही, खरोखर घासली, बाहेरच्या अंगाने, अगदी हलक्या हाताने. काकांनी फडकं कापून पाहिलं. म्हणाले, ‘आज चांगली झाली.’ मग फडक्याची घडी घालत म्हणाले, ‘तुझ्या घरचे तुला भिंगरी म्हणायचे का?’ मी म्हटलं, दादा म्हणायचा. ‘मायेने?’ मी म्हटलं, आधी मायेने. ते पुन्हा मशीनवर बसले.

वहिनी, दादाला एक विचारशील? मी विचारलंय असं सांगू नकोस. तो सतरा वर्षं त्या छापखान्यात एकाच स्टुलावर बसतो. त्याला कधी उठून जावंसं वाटलं नाही का? आणि वाटलं तेव्हा तो काय करायचा? कारण मला कुणी ते

थांब.

बस आली होती, मी बघितलंही नाही. समोर ती उभी आहे. काकांची मुलगी. ट्रंक घेऊन. ट्रंक माझ्या चाकापाशी टेकवलीय आणि अर्ध्या शटरची रुंदी वितीने मोजतेय. म्हणते, होस्टेलच्या फळ्यावर तिचं नाव लागलं, फी थांबली म्हणून, मग तिने ऑफिसातल्या बाईंना फोन लावला आणि सगळं विचारून घेतलं. सगळं म्हणजे यादीसुद्धा. मी म्हटलं, ‘तुझी परीक्षा?’ तर म्हणते, ‘दादा, तुमचं चाक जरा तिकडे सरकवता का? परवापर्यंत काजाचं मशीन बसायला हवं.’

मावशी पायरीवर येऊन थांबल्यात. डॉक्टरने डोळ्यावरचं भिंग काढलंय. काकांचं मशीन चालू आहे, त्यांची पाठ इकडे आहे. त्यांनी अजून पाहिलेलं नाही.